जुनी कॅराव्हॅन घेताना



पनवेल म्हणजे वाटांचा नाका.
एक वाट बोरघाट चढते.
दुसरी पळस्पे फाट्यावरून कोकणात उतरते.

या वाटांवर चाकांवरचं घर घेऊन निघावं, असं कुणालाही वाटेल.
राज्य सरकारनंही 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं.

पण नवी गाडी महाग.
म्हणून आपण जुनी शोधतो.
बहुतेकदा ती बदल केलेली प्रवासी व्हॅनच असते.
आत पलंग, छोटा ओटा, पाण्याची टाकी.

इथं एक गोष्ट ध्यानात ठेवा.
आधी कागद, मग पलंग.

आरसी मागून घ्या.
गाडीचा प्रकार काय लिहिलाय, तो वाचा.
आरटीओच्या परवानगीनं बदल केला असेल, तर त्याची नोंद असते.
नोंद नसेल, तर घाई नको.

चासी नंबर गाडीवर स्वतः पडताळा.
कर्ज असेल, तर ते फिटल्याचा बँकेचा दाखला मागा.

आता गाडीकडे वळा.
पावसाळी हवेत गंज खालून धरतो.
पायाखालचं मॅटिंग उचला.
पत्र्यावर बोट दाबून बघा.
कुबट वास आला, तर छत कुठंतरी गळत असेल.
गॅसची नळी आणि वायरिंग जाणकाराकडून तपासा.
मग पाण्याची टाकी भरा, आणि गाडी चढावर चालवून बघा.

व्यवहार ठरला?
फॉर्म 29 आणि 30 भरून गाडी नावावर करा.
विमाही नावावर करून घ्या.

पुन्हा सांगतो.
आधी कागद, मग पलंग.
प्रवास सुखाचा होवो.