लक्ष्मीबाई टिळक: श्रद्धा, आईपण आणि लेखणी

मराठीतल्या उत्तम आत्मचरित्रांची यादी कुणीही केली, तरी लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ तिच्यात अगदी वर असतं. पुस्तकाला हा मान मिळाला, लेखिकेला मात्र तो निम्माच मिळाला. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांची साधीभोळी पत्नी, शाळेचं तोंड न पाहिलेली एक विनोदी बाई, आठवेल तसं सांगत गेली आणि पुस्तक होऊन गेलं, अशा कौतुकाच्या सुरात आपण त्यांच्याविषयी बोलतो. या कौतुकात त्यांच्या बुद्धीवर अन्याय आहे. लक्ष्मीबाईंची श्रद्धा विचारातून आलेली होती, त्यांचं आईपण त्या श्रद्धेचं आचरण होतं आणि त्यांची कला या दोन्हींतून घडली, असं मला आज मांडायचं आहे.

आधी श्रद्धेचं पाहू. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, त्र्यंबकेश्वरजवळच्या जलालपूरचा. १८५७ च्या धामधुमीत त्यांच्या आईच्या वडिलांना फाशी झाली आणि त्या धक्क्यानंतर लक्ष्मीबाईंचे वडील सोवळ्याच्या पार आहारी गेले. बाजारातून आणलेलं मीठ आणि साखरसुद्धा त्या घरात धुऊन घेतली जाई! मीठ धुतल्यावर हाती काय उरत असेल, हे सांगायला नको. पुढे नारायण वामन टिळकांशी त्यांचं लग्न झालं आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. लहानग्या मुलाला, म्हणजे दत्तूला (देवदत्तला) घेऊन लक्ष्मीबाई त्यानंतर काही वर्षं नवऱ्यापासून वेगळ्या राहिल्या. पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांनी आपलं पाणी आणि स्वयंपाक वेगळाच ठेवला. देवानं माणसं केली, मग या जाती कुणी केल्या, हा प्रश्न राहुरीत त्यांच्या मनानं घेतला. उत्तर सापडताच यापुढे कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं, असं त्यांनी ठरवलं आणि ते पाळलं. १९०० साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

यावर कुणी म्हणेल, हिंदू घरातली त्या काळची स्त्री अखेर नवऱ्याच्याच वाटेनं गेली, यात तिचा स्वतंत्र विचार तो काय? पण तसं असतं, तर त्या १८९५ सालीच गेल्या असत्या. समाजाची सहानुभूती तेव्हा त्यांच्या बाजूला होती, माहेरच्यांचा आधार होता, आणि या सगळ्यापलीकडे स्वतःचा कडवा नकार होता. तो नकार मोडायला नवऱ्याचं प्रेमही पुरलं नाही. तो त्यांचा त्यांनीच, स्वतःच्या प्रश्नानं मोडला. त्यातही क्रम लक्षात घ्यावा: आधी सोवळं गेलं आणि मग बाप्तिस्मा आला. नव्या धर्मानं जात सोडायला लावली असं झालं नाही. जात सुटली म्हणून नव्या धर्माचं दार त्यांना उघडं दिसलं.

या श्रद्धेचा पुरावा त्यांच्या घरात सापडतो. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे, दारी आलेला माणूस विन्मुख जात नसे, आणि त्या औदार्याची तोंडमिळवणी लक्ष्मीबाई करत. अशा ओढग्रस्त संसारात त्यांनी परक्यांची मुलं आपली म्हणून सांभाळली. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे आपले बालकवी, अहमदनगरला याच घरात राहिले. स्मृतिचित्रांतला ठोंबरे पाहावा. आपण ज्यांना निसर्गकवी म्हणून आदरानं नमस्कार करतो, तो इथे रुसणारा, हट्ट करणारा आणि माया लावणारा पोरगा आहे. त्याचा धर्म बदलावा म्हणून या घरानं त्याला घरात घेतलं नव्हतं, आणि तो हिंदूच राहिला.

आता कलेविषयीचा आक्षेप. हे पुस्तक मुलाच्या सांगण्यावरून झालं. देवदत्त टिळकांना वडिलांचं चरित्र लिहायचं होतं, त्यासाठी त्यांनी आईकडे आठवणी मागितल्या. मग ही जाणीवपूर्वक केलेली कलाकृती कशी म्हणावी? पण निमित्त आणि कला या वेगळ्या गोष्टी आहेत. सोवळ्यानं घराला पिडणाऱ्या वडिलांविषयी लिहिताना लक्ष्मीबाई एकदाही त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करत नाहीत. त्या प्रसंग सांगतात, आपल्याला हसवतात, आणि हसू ओसरलं की त्या घरातल्या बाईमाणसांचे हाल आपल्याला दिसू लागतात. नवऱ्याच्या तापटपणालाही त्या झाकत नाहीत आणि त्याच्या मोठेपणालाही उणं करत नाहीत. एवढा तोल आपोआप येत नाही. काय सांगायचं आणि कुठे थांबायचं, हे कळणाऱ्यालाच तो साधतो.

तरीही शंका उरली, तर ‘ख्रिस्तायन’ पाहावं. ख्रिस्तचरित्राचं हे महाकाव्य टिळकांनी आरंभलं आणि सुरुवातीचे दहा-अकरा अध्याय झाल्यावर १९१९ साली ते वारले. पुढचे साठाहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. नवऱ्यानं मधूनमधून शिकवलं तेवढंच ज्यांचं शिक्षण, त्यांनी उतारवयात हे काम वर्षानुवर्षं पेललं. फादर स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात छापलं गेलं. त्यानंतर तीनशे वर्षांनी मराठी ख्रिस्ती काव्याची तीच वाट एका बाईनं पुढे नेली. ‘सहज लिहून गेल्या’ हे वर्णन या कामाला कसं लागू पडेल?

लक्ष्मीबाई २४ फेब्रुवारी १९३६ रोजी गेल्या. ‘ख्रिस्तायन’ त्यांच्यामागून प्रसिद्ध झालं. स्मृतिचित्रे आपण वाचतो, ख्रिस्तायन मात्र ग्रंथालयाच्या कपाटात राहतं, आणि म्हणूनच लक्ष्मीबाईंचं अर्धंच चित्र आपल्यापुढे उभं राहतं. माझी श्रोत्यांना विनंती आहे, ही दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचा. कवी टिळकांची पत्नी ही ओळख खरी आहे, पण ती पुरेशी नाही. लक्ष्मीबाई टिळक या मराठीतल्या पहिल्या प्रतीच्या लेखिका आहेत, आणि त्यांचं नाव आपण त्याच मानानं घेतलं पाहिजे.