अंग का आंबते?

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने मंडळाने प्रौढ सभासदांसाठी धावण्याच्या शर्यती, रस्सीखेच आणि सामुदायिक सूर्यनमस्कार योजले आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. पन्नास वर्षे नाटके आणि गणेशोत्सव यांत रमलेल्या मंडळींनी आता कंबर कसली आहे. तथापि, वैद्यकीचा व्यवसाय करणाऱ्याला अशा उत्साहामागून येणारा दुसरा दिवसही दिसत असतो. त्या दुसऱ्या दिवसाविषयी आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

पुष्कळ वर्षांच्या खंडानंतर कोणी एकदम पन्नास बैठका काढतो. त्या दिवशी काहीच होत नाही. उलट हुशारी वाटते. दुसऱ्या दिवशी सकाळी मांड्या भरून येतात, जिना उतरताना कठड्याचा आधार घ्यावा लागतो आणि तिसऱ्या दिवशी तर खाली बसणेही नकोसे होते. यालाच आपण ‘अंग आंबले’ असे म्हणतो. शब्द मोठा मार्मिक आहे. पण त्याने एका गैरसमजास आयतेच बळ मिळाले आहे. व्यायामाने स्नायूंत दुग्धाम्ल साचते आणि म्हणून अंग दुखते, ही समजूत सर्वत्र रूढ आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. श्रमाने रक्तात वाढलेले हे द्रव्य विश्रांती घेताच साधारण तासाभरात पूर्वपदावर येते. दुखणे मात्र एक ते तीन दिवसांच्या दरम्यान ऐन भरात असते. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सपाटीवरील धावणे आणि उतारावरील धावणे यांची तुलना केली गेली. सपाटीवर हे द्रव्य वाढले, पण अंग दुखले नाही. उतारावर ते वाढले नाही, तरी अंग दुखले! आम्लावरील आरोप तेथेच ढासळला.

मग खरे कारण कोणते? थिओडोर हफ या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९०२ सालीच असे सुचविले होते की, थकव्याचे दुखणे वेगळे आणि दुसऱ्या दिवशीचे दुखणे वेगळे. हे दुसरे स्नायूच्या आतील बारीक इजेमुळे होत असावे. पुढील संशोधनाने या विचारास पुष्टी दिली. स्नायू भार पेलत असतानाच ताणला गेला, म्हणजे त्याच्या तंतूंत सूक्ष्म इजा होते. मग तेथे किंचित दाह होतो, सूज येते आणि डागडुजी सुरू होते. सिंहगड चढताना दम लागतो आणि उतरताना फारसे काही वाटत नाही. पण दुसऱ्या दिवशी मांड्या बोलू लागतात त्या प्रामुख्याने उतरणीमुळे. बैठकेतही उठण्यापेक्षा सावकाश खाली बसणेच मांड्यांना अधिक जाचते. सूर्यनमस्कारात देह हातांवर तोलून जमिनीकडे नेताना दंडांची हीच गत होते.

यातच दिलाशाची एक गोष्ट दडलेली आहे. एकदा असे अंग दुखून बरे झाले की, तोच व्यायाम काही दिवसांनी पुन्हा केल्यास दुखणे पुष्कळ कमी होते, आणि हे संरक्षण काही आठवडे टिकते. शिवाय ते मिळविण्यासाठी पहिल्या दिवशी देह पिळून काढावा लागत नाही. थोडक्या श्रमानेही ते बऱ्याच अंशी लाभते. म्हणून स्पर्धेची तयारी आदल्या दिवशी नव्हे, महिनाभर आधी सुरू करावी. पहिल्या दिवशी दहा बैठका पुरेत. मग दोन दिवस जाऊ द्यावेत आणि पुढे आठवड्या-आठवड्याने संख्या वाढवावी. आधी अंग ताणून घेतल्याने हे दुखणे फारसे टळत नाही. मालिशाने थोडा आराम पडतो. हलके चालणेही बरे वाटते. परंतु दुखऱ्या स्नायूची ताकद त्या दोन-तीन दिवसांत खरोखरच घटलेली असते. अशा पायांनी शर्यतीत उतरणारा तोल जाऊन पडतो किंवा पाय मुरगळून घेतो.

आता सर्वांत महत्त्वाचे. प्रत्येक दुखणे म्हणजे अंग आंबणे नव्हे. धावता धावता पिंढरीत सणकन कळ आली, जागच्या जागी सूज आली, पाय टेकवेना, तर स्नायू किंवा शीर फाटली असण्याचा संभव असतो. तेथे चोळण्याचा मोह आवरावा आणि डॉक्टर गाठावा. श्रम करताना छातीत दडपण येणे, घाम फुटणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, हे तर क्षणभरही अंगावर काढू नये. तिसरा धोका फारसा कोणास ठाऊक नसतो. पैजेखातर शेकडो बैठका काढल्यावर मांड्या टणक सुजतात आणि एक-दोन दिवसांत लघवी गडद चहासारखी होते, अशी उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात नमूद आहेत. मोठ्या प्रमाणावर फुटलेल्या स्नायूंतील द्रव्ये रक्तात उतरून मूत्रपिंडांवर आघात करतात. अशा रुग्णास त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. घरच्या घरी वेदनाशामक गोळ्या देत बसल्यास मूत्रपिंडांची आणखी हानी होण्याची भीती असते. व्यायामाची सवय सुटलेल्या धडधाकट तरुणासही हे होऊ शकते, हे ध्यानी असावे.

माझ्या मते या दुखण्याने होणारे अधिक मोठे नुकसान मात्र निराळेच आहे. पहिल्या दिवशी अतिरेक करणारा चौथ्या दिवशी ‘आपल्याला हे जमणारे नाही’ असे म्हणून व्यायामाचे नाव टाकतो, आणि तो कायमचाच. तालमीतल्या अनुभवी वस्तादाला हे पक्के ठाऊक असते; म्हणून तो नवख्याच्या उत्साहाला आधी वेसण घालतो. कार्यकर्त्यांना माझी एवढीच विनंती आहे की, स्पर्धकांची नावे आजच नोंदवून घ्यावीत आणि सराव याच आठवड्यात सुरू करावा. बक्षीस कोणालाही मिळो. स्पर्धेनंतरच्या सोमवारीही जो सभासद आनंदाने दहा बैठका काढील, त्यालाच मी या महोत्सवाचा खरा विजेता समजेन.