रोजचा ताळा आणि वर्षाआडचा मोहोर

(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



समितीने मला 'आवड आणि नोकरी यांचा मेळ' या विषयावर दहा मिनिटं बोलायला सांगितलं. आपल्या १९८६च्या दहावीच्या तुकडीत याबद्दल सांगण्यासारखं प्रत्येकाकडे आहे. मला निवडलं, कारण बँकेत मार्चएंड आणि घरी आंबा अशी माझी दर वर्षीची धावपळ तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. 'तू हे जमवतेस कसं?' असं पुष्कळ जण विचारतात. आज त्याचं खरं उत्तर देते. रोजच्या रोज ते जमत नाही.

माझी ओढाताण दोन वाक्यांत सांगता येते. मला बँकेत वर जायचं होतं. आणि बाबांची साठ कलमं मला दुसऱ्याच्या हाती द्यायची नव्हती. दोन्ही इच्छा माझ्याच होत्या. नवऱ्याने किंवा सासूबाईंनी एकही लादली नव्हती. म्हणून तर भांडायला समोर कुणी नव्हतं.

१९९१मध्ये मी क्लार्क म्हणून लागले. तेव्हा लेजरं हाताने लिहायची आणि हातानेच जुळवायची. संध्याकाळी कॅश जुळली नाही तर घरी जायचं नाही. दहा रुपयांचा फरक शोधण्यात रात्रीचे नऊ वाजलेले मी पाहिले आहेत. या सवयीने माणूस आयुष्याकडेही तसंच बघू लागतो. आज ऑफिसला किती दिलं, घराला किती, बागेला किती, असा ताळा रोज रात्री मांडायचा. तो जुळायचा नाही आणि मग झोप लागायची नाही.

हापूसचं वागणं वेगळं. एका वर्षी भरभरून धरला की पुढच्या वर्षी हात आखडता घेतो, हे आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. भरपूर फळ दिलेल्या झाडाला पुन्हा साठा करायला वेळ लागतो. त्या वर्षी ते नुसती पालवी काढतं. बाबा त्याला वाईट वर्ष म्हणत नसत. ते म्हणायचे, "यंदा झाड स्वतःसाठी कमावतंय."

झाडाला दर वर्षी फळायला लावता येतं, तेही तुम्हाला माहीत आहे. पावसाळ्यात बुंध्याशी कल्टार घातलं की वाढ थांबते आणि मोहोर येतो. औषध वाईट नाही, दापोलीच्या विद्यापीठाची त्याची शिफारस आहे. पण त्याबरोबर खत वाढवावं लागतं, झाडाची निगा राखावी लागते. नुसतं औषध ओतत राहिलं तर झाड खंगतं. आपल्यातल्या किती जणांनी स्वतःच्या बुंध्याशी असं कल्टार ओतलं आहे, ते ज्याचं त्याने आठवावं.

१९९९मध्ये मला ऑफिसर होण्याची संधी होती. ऑफिसर म्हणजे बदली. मुलगी तीन वर्षांची होती, बाबा नुकतेच आजारातून उठले होते. मी नको म्हटलं. माझ्यानंतर लागलेले दोघे त्या वर्षी माझे साहेब झाले. ते वर्ष बागेचं होतं, असं मी मनाशी म्हणत असे, तरी त्यांना 'सर' म्हणताना जीभ अडखळायची.

२००४मध्ये मी हो म्हटलं आणि मुलीला घेऊन मराठवाड्यात गेले. चार वर्षं बाग कराराने दिली. नवरा इथल्या शाळेत शिक्षक, तो एकटा राहिला. त्या चार वर्षांत मी कर्जाचं काम शिकले, शाखा सांभाळली, आणि सांगायला संकोच वाटत नाही, मला फार आनंद झाला. २००८ला परत आले तेव्हा साठातली सात कलमं वाळलेली होती. कराराने घेणाऱ्याला चार हंगामांशी देणंघेणं असतं, झाडाच्या चाळिसाव्या वर्षाशी नसतं. ही किंमत द्यावी लागेल, याचा अंदाज मला आणि बाबांना जातानाच होता. सात झाडं मी माझ्या खुर्चीच्या खाती लिहिली आणि त्यांच्या जागी नवीन कलमं लावली. बाबा २०११ला गेले. २०१२ला पुढच्या बढतीचं पत्रक आलं, तेव्हा मी अर्ज भरला नाही. नव्या कलमांना पहिला मोहोर यायचा होता.

दोन्ही गोष्टी आलटून पालटून करता येतात असा सगळ्यांसाठी नियम नाही. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते. बरीच वर्षं त्यांनी वैद्यकी आणि नाटक दोन्ही केलं. मग १९६९मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, पूर्णवेळ नट व्हायचं ठरवलं. पुढच्याच वर्षी 'नटसम्राट' आलं. काही इच्छा सगळं वर्ष मागतात, आणि सगळीच वर्षं मागतात. तिथे एकीला निरोप द्यावा लागतो.

पण माझ्यासारख्या साध्या माणसांना दोन गोष्टी उपयोगी पडतील. पहिली, हे वर्ष कुणाचं ते जूनमध्येच ठरवायचं आणि घरात मोठ्याने सांगायचं. न सांगता ठरवलं की घरचे वाट बघत राहतात. दुसरी, ज्या इच्छेचं हे वर्ष नाही तिला फळ मागायचं नाही, पण खत घालायचं. मराठवाड्यात असताना मी दर मे महिन्यात आठ दिवस बागेत येऊन प्रत्येक झाडाखाली उभी राहत होते. हिशेबाला त्याचा काही उपयोग नव्हता. परत येण्याची वाट मात्र बुजली नाही.

आपण आता पंचावन्नच्या पुढे आहोत. गेल्या दोन दिवसांत 'रिटायर झाल्यावर बघू' हे वाक्य मी किती तरी वेळा ऐकलं. कुणाची पेटी माळ्यावर आहे, कुणाचं गावचं घर बंद आहे, कुणाला भावाशी पुन्हा बोलायचं आहे. झाड एक वर्ष थांबतं, दोन वर्षंही थांबतं. वीस वर्षं कुणी फिरकलंच नाही तर तिथे रान माजतं. यंदा फळ नको असेल तर नको. एक पाटी खत तेवढं घालून या.

सरांनी आणि बाईंनी या वयात इतका प्रवास करून येऊन आमचं बोलणं ऐकून घेतलं, त्यांना माझा नमस्कार. आणि मे महिन्यात ज्याला सवड असेल त्याने आमच्याकडे यावं. यंदा झाडं धरलेली आहेत.