न दिसणारा धूर



लहान विमानाच्या धुराच्या नळाला गेलेली चीर कशी शोधावी, हा काय व्याख्यानमालेत बोलण्याचा विषय झाला, असे पत्रिका पाहून आपल्यापैकी काहींना वाटले असेल. मी विमानविद्येतला पदवीधर नव्हे. माझी सारी वर्षे कामगार संघटनेत गेली, आणि यंत्रांचे जे थोडे ज्ञान आहे ते पुस्तकांतून आणि मेकॅनिक मंडळींच्या संगतीतून मिळवलेले आहे. पण तपासणी आणि तपासणीच्या कागदावरची सही यांत किती अंतर पडू शकते, हे समजायला याहून स्पष्ट उदाहरण मला सापडले नाही.

आधी यंत्र पाहू. चार-सहा माणसांच्या विमानाच्या नाकाशी पेट्रोलवर चालणारे, बहुधा चार किंवा सहा सिलिंडरांचे इंजिन असते. प्रत्येक सिलिंडरातला जळका वायू नळांवाटे मफलरमध्ये येतो आणि तेथून बाहेर पडतो. उंचावर थंडी फार, म्हणून आत बसणाऱ्यांना ऊब हवी. त्यासाठी बहुतेक लहान विमानांत एक सोपी युक्ती केलेली असते. मफलरभोवती पत्र्याचे वेष्टण बसवतात. बाहेरची हवा त्या वेष्टणात शिरते, तापलेल्या मफलरला लागून गरम होते आणि माणसांच्या पायाशी येते. म्हणजे विषारी धूर आणि माणसाचा श्वास यांच्यामध्ये एका पातळ पत्र्याची भिंत. ती शाबूत आहे तोवर ऊब मिळते. तिला चीर गेली की त्याच वाटेने मरण येते.

हे विष म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. थंडीच्या रात्री दारे-खिडक्या लावून, कोळशाची शेगडी पेटती ठेवून झोपलेली माणसे सकाळी उठली नाहीत, अशा बातम्या आपण वाचतो. तोच हा वायू. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके दुखते, गुंगी येते, विचार मंदावतो. ज्याने धोका ओळखायचा, त्याचीच ओळखण्याची शक्ती हा वायू काढून घेतो.

२१ जानेवारी २०१९ च्या रात्री एमिलियानो साला हा अठ्ठावीस वर्षांचा अर्जेंटिनी फुटबॉलपटू फ्रान्समधल्या नांत शहराहून वेल्समधल्या कार्डिफला एका इंजिनाच्या पायपर मालिबू विमानातून निघाला. ते विमान गर्न्सी बेटाजवळ इंग्लिश खाडीत कोसळले. साला आणि वैमानिक, दोघेही गेले. सालाच्या रक्तातले ५८ टक्के हिमोग्लोबिन या वायूने व्यापलेले आढळले. ब्रिटिश अपघात-अन्वेषकांनी मार्च २०२० च्या अहवालात म्हटले, की वैमानिकावरही या वायूचा परिणाम झालेला असावा आणि एक्झॉस्टमधून गळलेला वायू केबिनमध्ये शिरला असावा. दोन महिन्यांपूर्वीच, नोव्हेंबर २०१८ मध्ये, विमानाची देखभाल झालेली होती. धोक्याची घंटा वाजवणारे यंत्र मात्र विमानात नव्हते.

मग ही चीर शोधायची कशी? पहिले साधन डोळा. इंजिन थंड झाल्यावर वरचे झाकण काढायचे आणि सिलिंडराला नळ जेथे जोडला आहे ती गॅस्केट, वेल्डिंगचे सांधे, नळांची वळणे आणि पकडपट्ट्या एकेक करून पाहायच्या. वायू गळत असेल तेथे फिकट राखाडी किंवा काजळीसारखा काळा ओघळ दिसतो. पण खरी जागा वेष्टणाच्या आत असते. ते काढल्याशिवाय मफलर पाहिला असे म्हणताच येत नाही. आणखी एक गोष्ट. संशयाच्या जागी शिसपेन्सिलीने खूण करायची नाही. नळ तापला की पेन्सिलीतला कार्बन पोलादात मुरतो, पोलाद ठिसूळ होते आणि नेमकी तेथेच चीर जाते. दोष दाखवणारी खूणच दोष निर्माण करते!

दुसरे साधन हवा. कचरा ओढणाऱ्या यंत्राचे फुंकणारे तोंड शेपटाकडच्या नळीला लावायचे, फट चिंध्यांनी बुजवायची, आणि सगळ्या सांध्यांवर साबणाचे पाणी लावायचे. पुढचे आपल्या कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याला विचारा. जेथे बुडबुडे, तेथे पंक्चर! फरक एवढाच, की नळांचे काही सांधे एकमेकांत सरकणारे असतात. ते थंड असताना थोडे बुडबुडे देतात आणि तापल्यावर घट्ट बसतात. वेल्डिंगवर किंवा सपाट पत्र्यावर मात्र एकही बुडबुडा माफ नाही. यानंतर दिवा आणि आरसा घेऊन मफलरच्या पोटातले पडदे पाहायचे, कारण त्यांचा तुकडा सुटून तोंडाशी अडकला तर इंजिनाची ताकदच घटते.

तिसरे साधन म्हणजे वायू मोजणारे यंत्र. उडताना हीटर बंद ठेवून आकडा पाहायचा, मग सुरू करून पाहायचा. हीटर लावल्यावरच आकडा चढला, तर संशय मफलरवर. हीटर बंद असतानाही चढला, तर इंजिनामागच्या भिंतीतली भोके आणि दारांची रबरे तपासायची. आकडा चढताच वैमानिकाने हीटर बंद करावा, बाहेरची हवा आत घ्यावी आणि जवळच्या धावपट्टीवर उतरावे. रंग बदलणारी कार्डे स्वस्त मिळतात. पण गुंगीतल्या माणसाने कार्डाकडे पाहावे कसे? यंत्राने ओरडायला हवे.

अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने १९८२ ते २०२० या काळातले असे ३१ अपघात मोजले. त्यांत ४२ माणसे मेली. यंत्र सापडले एकाच विमानात, आणि तेही आवाज न करणारे. मंडळाने २००४ मध्ये सक्तीची शिफारस केली होती. २०२२ मध्ये तीच पुन्हा करावी लागली. ब्रिटनने १ जानेवारी २०२५ पासून, वैमानिक नसलेले प्रवासी नेणाऱ्या अशा विमानांत आवाज करणारे यंत्र सक्तीचे केले.

हे योग्यच झाले. परंतु यंत्र ओरडते ते चीर गेल्यानंतर. चीर वेळीच शोधतो तो मेकॅनिकचा हात, आणि त्या हाताला वेळ लागतो. विमान जमिनीवर उभे राहिले की भाडे बुडते. मग मालक विचारतो, “मागल्या खेपेला पाहिले होते ना?” या एका वाक्यापुढे वेष्टण तसेच राहते आणि कागदावर सही होते. म्हणून माझे म्हणणे असे, की सही नाकारण्याचा हक्क आणि तो बजावल्याबद्दल नोकरी न जाण्याची हमी, या मागण्या पगाराच्या मागणीइतक्याच मोलाच्या आहेत. त्यांत केवळ कामगाराचे हित नाही. मागच्या आसनावर बसलेल्या अनोळखी माणसाचा श्वास त्यांवर अवलंबून आहे. आणि कामगार बांधवांनाही माझे सांगणे आहे: हा हक्क ज्याला हवा, त्याने साबणाचे पाणी लावण्याचा कंटाळा करता कामा नये. हक्काची किंमत हाताने चुकवावी लागते.

आपणांपैकी बहुतेकांचा अशा विमानाशी कधी संबंध येणार नाही. पण बॉयलर, लिफ्ट, शाळेची बस, यांच्या तपासणीचा कागद आपल्यासमोर केव्हातरी येईलच. त्या वेळी सही पाहून थांबू नका. सही करणाऱ्याला आदराने एवढेच विचारा, “वेष्टण काढून पाहिलेत का? आणि तेवढा वेळ तुम्हाला मिळाला का?”