श्वासाचा रोग आणि मेंदू



मनास उपदेश करणाऱ्या समर्थ रामदासांचा जन्म १६०८ सालीं जालना जिल्ह्यांतील जांब या गांवीं झाला. म्हणूनच तें गांव जांब समर्थ या नांवानें ओळखलें जातें. मनोनिग्रहाची थोरवी या मुलखांत घरोघर ठाऊक आहे. तथापि तापांतून उठलेला माणूस असंबद्ध बोलूं लागला, कीं "मन घट्ट करा" असें त्यास सांगणें पुरेसें नसतें. पुष्कळदां विकार मनाच्या दुबळेपणाचा नसून मेंदूस पोंचलेल्या पीडेचा असतो.

१९१८ सालीं मुंबई बंदरांतून इन्फ्ल्यूएंझाची साथ पसरली. महाराष्ट्रांत लोक तिला मानमोडी म्हणत. पुढें शतकानंतर, मार्च २०२० मध्यें, कोविडचे राज्यांतील पहिले रोगी पुण्यास आढळले. दोन्ही रोगांचे विषाणू श्वासावाटे शिरतात. परंतु त्यांचा उपद्रव छातीपुरताच राहतो असें नव्हे.

कोविडमध्यें अनेकांस एकाएकीं वास येईनासा झाला. शोधाअंतीं दिसलें कीं, विषाणू गंधाच्या मज्जातंतूंपेक्षां त्यांस आधार देणाऱ्या पेशींस पछाडतो. आधार खचला कीं गंधज्ञान लोपतें. मेंदूवरही बहुधा असाच आडवाटेनें घाला येतो. फुप्फुसें सुजलीं म्हणजे रक्तांतील प्राणवायू उणा पडतो. विषाणूशीं झुंजतांना शरीरांत जो दाह उत्पन्न होतो, त्याची झळ मेंदूस लागते. रक्ताची गुठळी मेंदूच्या रक्तवाहिनींत अडकल्यास पक्षाघात होतो. क्वचित् शरीराची संरक्षक शक्ति स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते आणि हातपाय लुळे पडूं लागतात.

वृद्धांच्या ठिकाणीं तर कधीं कधीं खोकल्याआधीं भ्रमच दिसतो. तो वार्धक्याचा चळ समजून सोडून देऊं नये. तोंड वाकडें होणें, वाचा अडखळणें, एका बाजूचा हात न उचलणें, आंकडी येणें, हीं लक्षणें दिसतांच रुग्णालय गांठावें. गुठळी विरघळविणारें औषध साधारणपणें पहिल्या साडेचार तासांतच देतां येतें. खेड्यांतून शहरास जाण्यांतच त्यांतील बराच वेळ खर्ची पडतो. म्हणून "उद्यां पाहूं" हे शब्द येथें घातक ठरतात.

ताप उतरल्यावरही विसराळूपणा आणि थकवा कित्येक आठवडे, क्वचित् महिनेही, टिकतो. अशा वेळीं रोग्यास आळशी म्हणून दूषण देऊं नये. त्यास विश्रांति, वैद्यकीय सल्ला आणि घरच्यांचा धीर हवा असतो. मनास उपदेश अवश्य करावा. पण मेंदू आजारी असतां त्याची शुश्रूषा आधीं करावी.