खिळ्यातलं लोखंड आणि रक्तातलं लोखंड

मागच्या भागानंतर एका श्रोत्या ताईंचा निरोप आला. त्यांची आई आजारी आहे, आणि भेटायला येणारे नातेवाईक म्हणतात, "आपलं मन विश्वाशी जोडलेलं असतं. तुम्ही नकारात्मक विचार केलेत, म्हणून विश्वानं हे पाठवलं." ताईंनी विचारलंय, विज्ञान खरंच असं म्हणतं का?

नाही म्हणत. पण या बोलण्यातला अर्धा भाग खरा आहे, म्हणून तर ते पटतं. आधी तो अर्धा भाग बघू.

आपल्या शरीरातले अणू मोजले तर सगळ्यात जास्त भरतो हायड्रोजन. तो विश्वाच्या अगदी सुरुवातीचा, म्हणजे सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वीचा. कार्बन, ऑक्सिजन ताऱ्यांच्या पोटात शिजले. मोठ्या माणसाच्या अंगात लोखंड असतं जेमतेम ३-४ ग्रॅम, ते आलं फुटलेल्या ताऱ्यांतून. ताऱ्यांत मूलद्रव्यं कशी घडतात, हे १९५७ साली मार्गारेट आणि जेफ्री बर्बिज, विल्यम फाउलर आणि फ्रेड हॉयल यांनी एका मोठ्या शोधनिबंधात मांडलं. हॉयल म्हणजे आपल्या जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू. तेव्हा विश्वाशी नातं आहेच, अगदी रक्ताचं आहे म्हणा ना.

पण भिंतीतल्या खिळ्यातलं लोखंडही ताऱ्यांतूनच आलंय. हातोडा बसला तर दुखतं आपल्या बोटाला, खिळ्याला नाही. म्हणजे माल तोच, तरी जाणीव एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही. मग ती अणूंमुळे की अणूंच्या मांडणीमुळे?

माझ्या वडिलांच्या ऑपरेशनच्या वेळी मी याचा फार विचार केला. भूल दिली आणि ते 'गेले'. हृदय चालू, रक्त फिरतंय, ताऱ्यांचे अणू जिथल्या तिथे. फक्त बाबा नाहीत. दोन-अडीच तासांनी डोळे उघडून विचारतात, "झालं का सुरू?" थोडंसं औषध मेंदूतल्या पेशींचं आपसातलं बोलणं बिघडवतं, आणि जाणीव मावळते. विश्वाशी असलेलं नातं मात्र तसंच असतं.

मेंदूतून जाणीव नेमकी कशी उमटते, हे कोडं अजून सुटलेलं नाही. १९९८ साली मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्टॉफ कॉख यांनी तत्त्वज्ञ डेव्हिड चामर्स यांच्याशी पैज लावली, की २५ वर्षांत मेंदूतली यंत्रणा स्पष्ट होईल. २०२३ साली कॉख यांनी हार मानली आणि वाइनच्या बाटल्या दिल्या. (छान पैज! आपल्याकडे चहावर भागलं असतं.) पदार्थाच्या मुळाशीच जाणिवेचा अंश आहे, असं मानणारे काही गंभीर विचारवंतही आहेत. पण त्यावरूनसुद्धा 'विचार केला म्हणून आजार आला' हे निघत नाही.

ताणानं झोप उडते, रक्तदाब वाढतो, हे खरंय. पण तो रस्ता मेंदू, मज्जातंतू आणि संप्रेरकांमधून जातो, आकाशातून नाही.

तर ताई, आईंना सांगा की आजार त्यांनी बोलावलेला नाही. औषधं वेळेवर सुरू ठेवा. आणि नातेवाईक पुन्हा आले तर त्यांना खिळ्याचं विचारून बघा.

पुढच्या भागात झोपेबद्दल बोलू. भेटूच.