न्यायालयाची हद्द कोणी आखायची?

(मंडळाच्या सभेत दिलेले भाषण)



आजचा विषय कोर्टाचा असला तरी हकीगत एका बाईच्या घराची आहे.

सायप्रस बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर किरेनिया हे गाव. तेथे टिटिना लोइझिडू ह्या बाईंची जमीन होती. तिच्यावर इमारतीचे काम सुरू झाले होते आणि तिच्यातच आपले बिऱ्हाड थाटायचा त्यांचा बेत होता. १९७४ साली तुर्की फौजा उतरल्या, उत्तरेचा भाग त्यांच्या ताब्यात गेला आणि बाईंना स्वतःच्या जमिनीवर पाऊल टाकण्याची बंदी झाली. १९८९ साली त्यांनी युरोपच्या मानवी हक्कांच्या दरबारी दाद मागितली.

हे न्यायालय फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्ग येथे आहे. १९९० साली तुर्कस्तानने त्याची सत्ता मानली, पण अट घातली की, आमच्या देशाच्या सीमेआत जे घडेल तेवढेच पाहावे. म्हणजे सायप्रसचे नाव काढायचे नाही!

आता ही हद्द कोणी ठरवायची? ज्याच्यावर आरोप त्यानेच ठरवली, तर चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्यासारखेच. म्हणून मूळ करारातच कलम आहे की, अधिकाराविषयी वाद निघाला तर निकाल न्यायालयाने द्यावा. त्याप्रमाणे २३ मार्च १९९५ रोजी न्यायालयाने सांगितले, "अट रद्द, मान्यता मात्र कायम. परमुलखात सैन्य ठेवून जो प्रत्यक्ष ताबा चालवतो, तेथली जबाबदारीही त्याचीच." पुढच्याच वर्षी जमिनीची मालकी बाईंचीच असल्याचा निर्णय झाला. १९९८ साली भरपाई ठरली. ती हाती पडायला २००३ साल उजाडले.

पण हेच न्यायालय कधी दारही लावते. १९९९ साली नाटोच्या विमानांनी बेलग्रेडच्या टेलिव्हिजन केंद्रावर बॉम्ब टाकले. सोळा माणसे गेली. नातेवाईक स्ट्रासबुर्गला गेले. डिसेंबर २००१ मध्ये उत्तर मिळाले की, वरून बॉम्ब टाकणे म्हणजे त्या भूमीचा ताबा घेणे नव्हे. हे आमच्या हद्दीत येत नाही. त्या घरांतल्या आयांना हे कसे पटावे? मलाही पटत नाही. तरीपण न्यायाधीशाने कारणे लिहून दिली, म्हणजे त्यांवर बोट ठेवून भांडता येते. सरकारने नुसतेच "नाही" म्हटले, तर भांडायचे कोणाशी?

भगिनींनो, आपल्या आशिया खंडात असे न्यायालय अजून नाही. उद्या निघाले, तर त्याची इमारत केवढी हे आपण मागाहून पाहू. हद्द कोण आखणार, हे आधी विचारू.